कुंडीतल्या कोवळ्या रोपांना खत कधीपासून द्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनच्या पहिल्या सरी आल्या की गच्चीवर, गॅलरीत, खिडकीच्या ग्रिलमध्ये बी पडतं. आठ-दहा दिवसांत हिरवे ठिपके दिसतात आणि लगेच प्रश्न सुरू होतात: आता काय घालू, किती घालू, शेजारच्यांनी घातलं मग मी मागे तर नाही ना? मी बरीच वर्षं कुंड्यांमध्ये भाजी आणि फुलझाडं लावते. या काळात मी पाहिलेल्या कोवळ्या रोपांपैकी उपासमारीनं मेलेली फार थोडी. जास्त पाण्यानं आणि लवकर घातलेल्या खतानं गेलेली मात्र खूप. म्हणून खालची बरीच उत्तरं "जरा थांबा" अशीच आहेत, आणि का थांबायचं तेही सांगितलं आहे.

बी उगवलं, दोन पानं उघडली. आता थोडं खत घालू का?

नको. ही पहिली दोन पानं म्हणजे बीजपत्रं. टोमॅटो, मिरची, वांगं, भोपळा, वाल यांच्या बियांत ही जोडी आधीपासूनच घडी घालून ठेवलेली असते. वाल उगवताना एकदा नीट पाहा. ज्या डाळिंब्यांची आपण उसळ करतो, त्याच दोन फाका माती ढकलून वर येतात. त्यांच्यात पिष्ट, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, थोडं स्फुरद (फॉस्फरस), थोडं पालाश (पोटॅश) असं सगळं भरलेलं असतं. झाडानं बाळाला बांधून दिलेली ती शिदोरी आहे. पहिला आठवडा-दहा दिवस रोप त्यावरच जगतं. शिदोरी संपली की बीजपत्रं पिवळी पडून गळतात. ते पिवळेपण बघून घाबरू नका आणि खताचा डबा तर अजिबात उघडू नका.

या वयात मुळं दोन-तीन नाजूक तंतूंएवढीच असतात. खत म्हणजे शेवटी क्षार. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की मुळांना पाणी ओढून घेणं जड जातं, आणि क्षार फारच वाढले तर मुळांतलंच पाणी बाहेर ओढलं जातं. लोणच्याच्या फोडींना मीठ लावून ठेवल्यावर पाणी सुटतं, तसंच. शिवाय कोवळेपणी नत्र (नायट्रोजन) जास्त मिळालं तर शेंडा उंच लवलवीत होतो, मुळं मागे राहतात आणि खोड जमिनीलगत मऊ पडून रोप एका रात्रीत आडवं होतं. शेतकरी याला रोपमर म्हणतात. ती बुरशीमुळे होते, आणि ही बुरशी ओलीत आणि अशा लुसलुशीत रोपांवर फार पटकन चढते.

मग नेमकी वेळ कोणती?

दिवस मोजण्यापेक्षा रोप बघा. मी तीन खुणा पाहते.

पहिली, खरी पानं. बीजपत्रांच्या मधून येणारी, त्या झाडाच्या ओळखीची पानं. टोमॅटोची कातरलेली, मिरचीची टोकदार, भोपळ्याची खरखरीत. अशी दोन पानं पूर्ण उघडून तिसरं डोकावू लागलं की रोपाची स्वतःची चूल पेटली असं समजा. टोमॅटोला इथवर यायला उगवल्यापासून साधारण दोन आठवडे लागतात. काकडी, दोडका, भोपळा दहा-बारा दिवसांत येतात. मिरची मात्र सावकाश चालते, तिला तीन आठवडेही लागतात. थंडीत सगळ्यांचंच लांबतं.

दुसरी खूण आहे पांढरी मुळी. आमच्याकडे शेतात "पांढरी मुळी चालू झाली का?" असं विचारूनच खताचं ठरवतात, आणि कुंडीलाही हाच नियम लागू आहे. अन्न घेणारी मुळं ही नवी, पांढरी, केसासारखी बारीक असतात. प्रो-ट्रेचा (रोपं तयार करायच्या कप्प्यांच्या ट्रेचा) एक कप्पा खालून हलकेच ढकलून पाहिला किंवा छोट्या कुंडीच्या तळाच्या भोकातून डोकावलं की ती दिसतात. मातीच्या गोळ्याच्या कडेला पांढरी जाळी दिसली, तर दिलेलं अन्न घेणारं कोणीतरी आहे. ती नसेल तर तुम्ही घातलेलं सगळं नुसतं साचणार.

तिसरी खूण शेंड्याची. चार दिवसांपूर्वीच्या फोटोशी तुलना करा. शेंडा हलला असेल, नवं पान आलं असेल, तर रोप चालू आहे. थांबलेल्या रोपाला खत देऊन चालू करता येत नाही. आधी ते का थांबलं ते शोधावं लागतं.

माझं मिश्रण नुसत्या कोकोपीटचं आहे. आणि ज्यांच्या मिश्रणात गांडूळखत आहे त्यांनी काय करायचं?

खरा फरक इथेच पडतो. एकच सल्ला दोघांना दिला की एकाचं रोप उपाशी राहतं आणि दुसऱ्याचं जळतं.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. ओल धरतं, हवा खेळती ठेवतं, पण त्यात रोपाचं अन्न जवळजवळ नसतं. त्यामुळे नुसत्या कोकोपीटमधल्या रोपाला तिसरं खरं पान दिसताच हलकं खत सुरू करावंच लागतं. आणखी एक गोष्ट: कोकोपीट वापरण्याआधी धुवा. नारळ बहुतेक किनाऱ्यालगतचा, आणि सोडणं कुजवायला खाऱ्या पाण्यातही घालतात, त्यामुळे कोकोपीटच्या स्वस्त, दाबलेल्या विटांमध्ये सोडियम आणि पालाशचे क्षार राहिलेले असतात. वीट भिजवून, पिळून, पाणी टाकून द्या. असं दोन-तीनदा करा. पहिल्या पाण्याचा रंग काळ्या चहासारखा असतो, तो फिका होईपर्यंत. उगवल्यावर टोकं करपली म्हणून लोक खताला दोष देतात आणि दोष न धुतलेल्या विटेचा निघतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

तुमच्या मिश्रणात तिसरा हिस्सा चांगलं गांडूळखत किंवा घरचं मुरलेलं कंपोस्ट असेल, तर पहिले चार ते सहा आठवडे वरून काहीच द्यायला नको. गांडूळखतात नत्र साधारण एक ते दोन टक्के असतं आणि ते हळूहळू सुटतं. बाळाला तेवढं पुरतं. माझं बी पेरायचं मिश्रण तीन भाग धुतलेलं कोकोपीट आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत असं असतं. त्यावर मिरचीची रोपं पाच आठवडे विनातक्रार वाढतात आणि तिथून थेट मोठ्या कुंडीत जातात.

पहिलं खत कोणतं आणि किती?

दोन वाटा आहेत, दोन्ही चांगल्या.

एक, पाण्यात पूर्ण विरघळणारं १९:१९:१९. या तीन आकड्यांचा अर्थ नत्र, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी १९ टक्के. मोठ्या झाडांना लोक लिटरला २ ते ३ ग्रॅम देतात. कोवळ्या रोपाला लिटरला अर्धा ग्रॅम, बस्स. अर्धा ग्रॅम मोजायला घरात काटा नसतो, म्हणून असं करा: चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे अंदाजे ५ ग्रॅम, दहा लिटरच्या बादलीत. दोन-चारच कुंड्या असतील तर एक चमचा एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवा आणि त्यातलं १०० मिली एक लिटर साध्या पाण्यात मिसळून वापरा. त्या बाटलीवर ठळक अक्षरात "खत" लिहा आणि ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. शीतपेयाची रिकामी बाटली यासाठी कृपया वापरू नका.

दोन, गांडूळखताचं पाणी. मूठभर गांडूळखत जुन्या सुती कापडात पुरचुंडी बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर ठेवायचं. सकाळी पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा हवा, गडद झाला तर पाणी वाढवा. याचा जोर कमी असतो आणि चूक झाली तरी नुकसान होत नाही. पहिल्यांदाच बाग करणाऱ्याला मी हेच सुचवते.

किती ओतायचं? हाताच्या पंजाएवढ्या छोट्या कुंडीला अर्धा कप, आठ इंची कुंडीला पाव ते अर्धा लिटर. खोडावर धार सोडायची नाही, कडेनं गोल फिरवत द्यायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खत वाफशावर द्या. माती चिखल झालेली नको, पार वाळलेलीही नको. बोट खुपसल्यावर गार लागतं पण बोटाला चिकटत नाही, तो वाफसा. कोरड्या मातीत खताचं पाणी घातलं तर तहानलेली मुळं ते एकदम ओढून घेतात आणि तिथेच करपतात. माती सुकली असेल तर आधी साधं पाणी द्या, दोन-तीन तासांनी खताचं.

घरात युरिया आणि डीएपी आहे. चिमूटभर चालेल ना?

कोवळ्या रोपांना नको. हे मी मोठी किंमत मोजून शिकले आहे.

एका जूनमध्ये लवंगी मिरचीची चाळीसेक रोपं तयार केली होती. बी माझ्या मावशीनं जपून ठेवलेलं होतं आणि सगळंच पेरलं होतं, मागे काही शिल्लक ठेवलं नव्हतं. रोपं चार पानांवर आली तेव्हा एका दुकानदारानं सांगितलं, प्रत्येक पिशवीत डीएपीचे पाच-सहा दाणे टाका, बघा कशी फोफावतात. मी टाकले. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या, पाचव्या दिवशी माती ओली असूनही रोपं माना टाकून उभी होती. पंधरा दिवसांनी सात उरली. ती सात वाचली त्यांच्यापासून बी धरलं म्हणून ती मिरची आजही घरात आहे. पण ते पंधरा दिवस मला अजून लख्ख आठवतात.

कारण समजून घ्या. डीएपीमध्ये १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असतं, युरियात तर ४६ टक्के नत्र. ही खतं एकरभर रानात पसरायला बनवलेली आहेत. शेतात दाण्याभोवती विरघळलेलं खत पसरायला भरपूर माती असते. पिशवीत मूठभर माती असते आणि मुळं दाण्याला टेकलेलीच असतात. युरिया आणि डीएपीतून अमोनियाही तयार होतो, तो कोवळ्या मुळांना थेट इजा करतो. नव्या कोकोपीटमध्ये त्या अमोनियाचं पुढे नायट्रेट करणारे जिवाणूही पुरेसे नसतात. १०:२६:२६ किंवा १५:१५:१५ ही दाणेदार मिश्रखतंही याच वर्गातली. झाड मोठं झाल्यावर मोठ्या ड्रममध्ये, मोजून, ठीक आहे.

खत जास्त झालं हे कसं ओळखायचं? रोप वाचतं का?

लवकर कळलं तर वाचतं. टोकं आणि कडा कागद जाळल्यासारख्या तपकिरी होतात. पानं गडद हिरवी होऊन खाली वळतात. माती ओली असूनही रोप मलूल दिसतं. कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरट पापुद्रा येतो.

दाणे घातले असतील तर आधी वरची इंचभर माती चमच्यानं काढून टाका. मग कुंडी सावलीत न्या आणि झारीनं हळूहळू साधं पाणी ओतत राहा, तळातून वाहू द्या. कुंडीच्या मापाच्या दोन-तीन पट पाणी जायला हवं. आठ इंची कुंडीत साधारण चार लिटर माती बसते, म्हणजे आठ ते बारा लिटर. तळाची ताटली काढून टाका, नाहीतर तेच क्षार पुन्हा वर ओढले जातील. त्यानंतर वरची माती सुकेपर्यंत पाणी नाही, आणि महिनाभर खत नाही. करपलेली कड पुन्हा हिरवी होणार नाही, तिच्याकडे बघू नका. नवीन पान स्वच्छ आलं की समजा, धोका टळला. निचऱ्याची भोकं बुजलेली असतील तर हा उपाय उलटा पडतो, म्हणून आधी भोकं तपासा.

पानं पिवळी पडली. म्हणजे भूक लागली ना?

दर वेळी नाही. पिवळं पान म्हणजे ताप आल्यासारखं आहे, कारणं अनेक. कोणतं पान पिवळं पडलं ते आधी पाहा.

खालची जुनी पानं सगळीकडून सारखी पिवळी होत असतील आणि वरची फिकट असली तरी ठीक असतील, तर नत्राची कमतरता. झाड नत्र जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून जुनी आधी जातात. ही खरी भूक, खत द्या. जुन्याच पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. लोह झाडाला एका पानातून दुसऱ्यात नेता येत नाही, म्हणून तिथं नवी पानं रडतात. त्यात बहुतेक वेळा लोह मातीत असतं, पण पाणी जड असल्यानं ते अडकून बसलेलं असतं.

आणि माती सतत ओली, वास कुबट, सगळंच रोप निस्तेज, तर मुळं गुदमरली आहेत. पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या पिवळ्या पानांच्या फोटोंत हेच सगळ्यात जास्त असतं. त्यावर खत घालणं म्हणजे आजारी माणसाला पंगतीला बसवणं.

थंडीत टोमॅटोच्या रोपांची पानं खालून जांभळी होतात. स्फुरद मातीत असतं, पण गार मातीत मुळांना ते घेता येत नाही. ऊब वाढली की रंग आपोआप परततो.

बोअरच्या पाण्यानं काही बिघडतं का?

हळूहळू बिघडतं. पुण्याच्या उपनगरांत आणि मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी जड आहे. नळाच्या तोटीवर जो पांढरा थर साचतो तोच कुंडीतही साचतो. माती विम्ल (आम्लाच्या उलट, अल्कधर्मी) होत जाते, लोह आणि जस्त अडकतात. अशा पाण्यावर खताची मात्रा आणखी कमी ठेवा, महिन्यातून एकदा तळातून भरपूर पाणी जाईल असं द्या आणि पावसाचं पाणी बादलीत धरता आलं तर बी उगवण्यासाठी तेच वापरा. अशा घरात कुंड्यांत राख घालू नये. राखेत पालाश असतं हे खरं, पण ती स्वतःच विम्ल असते.

नर्सरीतून रोप आणलं. आल्या आल्या खत घालू का?

तीन आठवडे थांबा. नर्सरीत त्याला आधीच खायला घातलेलं असतं. मातीत साबुदाण्याएवढे पिवळसर किंवा करडे मणी दिसले तर ते हळू सुटणारं खत आहे, काही महिने चालणारं. मग तर आणखीच थांबा. शिवाय ते रोप हिरव्या जाळीच्या सावलीतून तुमच्या उन्हात आलेलं असतं, गाडीत हेलकावे खाल्लेले असतात. कुंडी बदलताना थोडी मुळं तुटतातच. तुटलेल्या मुळांवर क्षार म्हणजे जखमेवर मीठ, अगदी शब्दशः.

गुलाब, जास्वंद, मोगरा यांना नवा फुटवा आला, त्याची पानं उघडली की सुरू करा. कोकणातून हापूसचं कलम आणलं असेल तर पहिली पालवी येऊ द्या, तिचा तांबूस रंग जाऊन पानं हिरवी आणि कडक होऊ द्या. तोवर फक्त पाणी आणि आधाराची काठी.

लाल मातीचा घट्ट गोळा असेल तर कुंडीत लावताना कडा हलक्या मोकळ्या करा. नाहीतर मुळं त्या गोळ्यातच फिरत राहतात, आणि बाहेरच्या मिश्रणात तुम्ही कितीही चांगलं खत घातलंत तरी त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही.

फांदी खोचली आहे. तिला?

मुळं फुटेपर्यंत काहीच नाही. वर पानं फुटली म्हणजे खाली मुळं आली असं नसतं, गुलाबाची काडी स्वतःच्या साठ्यावर पानं काढते आणि मग वाळून जाते. हलकेच ओढून पाहा, काडीनं मातीत पकड धरली असेल तर त्यानंतर पंधरा दिवसांनी पाव मात्रा.

मेथी, कोथिंबीर, पालक?

मेथी-कोथिंबीर महिन्याभरात खुडायची असते. मातीत आधी गांडूळखत मिसळलं असेल तर वरून काही नको. मेथी तर शेंगवर्गातली, तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात. पालक पुन्हा पुन्हा कापणार असाल तर प्रत्येक कापणीनंतर गांडूळखताचं पाणी द्या. ताटलीत उगवून आठ-दहा दिवसांत खायचे मोहरी-मुळ्याचे कोंब असतील तर त्यांना शिदोरी पुरते.

गावाहून शेणखत आणलंय. तेच घालते.

मुरलेलं असेल तर त्याच्यासारखं दुसरं नाही. पण ताजं किंवा अर्धवट कुजलेलं शेण कुंडीत घालू नका. ते कुजताना उष्णता आणि अमोनिया सोडतं, कुजवणारे जीव मातीतलं नत्र स्वतःसाठी वापरतात, आणि तणाचं बीही त्यातून येतं. त्याहून मोठा धोका हुमणीचा. पांढरी, इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वळलेली जाड अळी शेणखतातून कुंडीत आली की मुळं कुरतडून टाकते. वरून रोप फक्त सुकलेलं दिसतं. म्हणून शेणखत चाळून, उन्हात पसरून, हातानं निवडूनच घ्या.

मुरलेलं कसं ओळखायचं? मुठीत घ्या. काळपट, भुसभुशीत, हाताला गार, आणि वास पहिल्या पावसातल्या मातीचा. शेणाचा वास येत असेल तर अजून दोन-तीन महिने ढिगात राहू द्या.

निंबोळी पेंडही लोक मूठ-मूठ घालतात. तिच्यात पाचेक टक्के नत्र असतं. आठ इंची कुंडीला मिश्रण करताना एक टेबलचमचा पुरे, आणि मिश्रण ओलं करून दहा-पंधरा दिवस ठेवून मग त्यात रोप लावा. शेंगदाण्याच्या पेंडीचं आंबवलेलं पाणी फार जोरकस. ते रोप हातभर झाल्यावर, दहापट पाणी घालून.

जीवामृत चालतं का?

चालतं, दहापट पाणी घालून, चार-पाच खरी पानं आल्यावर. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती यांतून ते मुख्यतः जिवाणूंचं विरजण म्हणून काम करतं. विरजण लावायला दूध लागतं, तसं जीवामृताला मातीत सेंद्रिय पदार्थ लागतो. नुसत्या कोकोपीटमध्ये त्याचा उपयोग थोडा.

आजी चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, केळीची सालं, तांदळाचं धुवण घालायची. तिची झाडं तर छान असायची.

आजीची झाडं अंगणात जमिनीत होती, आणि तिथे गांडुळं होती. जमिनीत टाकलेलं काहीही मुरतं. कुंडीत ती सोय तुम्हाला करावी लागते. चोथा, साली, टरफलं हे सगळं कंपोस्टच्या डब्यात टाका आणि तीन महिन्यांनी रोपाला द्या. थेट घातलं तर चिलटं आणि बुरशी. टरफलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, भुकटी केली तरी विरघळायला महिनोन् महिने घेतात. दुधा-साखरेच्या चहाचा चोथा धुतल्याशिवाय कुठेच टाकू नका, मुंग्या येतात. तांदळाचं धुवण साधं पाणी म्हणून खुशाल द्या, खत म्हणून त्यावर विसंबू नका. आंबट ताक पाणी घालून कढीपत्त्याला देतात, तेही रोप वीतभर झाल्यावर, महिन्यातून एकदा.

एकदा सुरू केल्यावर किती दिवसांनी?

कोकोपीटमध्ये आठवड्यातून एकदा, कंपोस्टच्या मिश्रणात पंधरा दिवसांनी. थोडं थोडं आणि नेमानं. दोन आठवडे विसरलात तर तिसऱ्या वेळी तिप्पट देऊन भरपाई करायची नाही. सहा-सात पानं झाली, रोप मोठ्या कुंडीत बसलं, की लिटरला १ ग्रॅमवर या. त्यापुढे २ ग्रॅमपर्यंत. कळ्या दिसू लागल्या की नत्र कमी आणि पालाश जास्त असलेलं खत, नाहीतर टोमॅटोचं झुडूप डोक्याएवढं होतं आणि फळं चार.

१९:१९:१९ मध्ये कॅल्शियम नसतं. नुसत्या कोकोपीटवर वाढवत असाल तर एका आठवड्याआड कॅल्शियम नायट्रेट अर्धा ग्रॅम लिटरला द्या. मात्र दोन्ही एकाच बाटलीत दाट कालवू नका. स्फुरद आणि कॅल्शियम एकमेकांना धरून पांढरा साका तळाशी बसतो आणि दोन्ही वाया जातात.

पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात काही वेगळं?

मुसळधार पावसाच्या दिवसांत दिलेलं खत तळाच्या भोकातून गटारात जातं. उघडीप बघून, वाफसा आल्यावर द्या. मुंबई-कोकणात पंधरा-पंधरा दिवस उघडीप मिळत नाही, तेव्हा रोपं पत्र्याखाली किंवा प्लॅस्टिकच्या छपराखाली घ्या. विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीपार असताना रोप फक्त जीव धरून असतं. तेव्हा खत बंद, सावली आणि पाणी चालू. द्यायचंच तर सूर्य उगवायच्या सुमारास.

पानांवर फवारलं तर लवकर लागू पडेल?

चार-पाच खरी पानं येईपर्यंत फवारू नका, कोवळ्या पानांचं आवरण पातळ असतं. नंतर अर्ध्या ग्रॅमच्या प्रमाणात, संध्याकाळी. फवारणी हा पूरक उपाय आहे, पोट मुळांनीच भरतं.

सगळं दिलं तरी रोप जागचं हलत नाही.

उजेड मोजा. एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं एक नियम लोकांपुढे आणला: जी गोष्ट सर्वांत कमी आहे, तीच वाढ अडवते. बाकी सगळं ढिगानं दिलं तरी उपयोग नाही. फ्लॅटच्या गॅलरीत ती गोष्ट बहुतेक वेळा ऊन असते. टोमॅटो-मिरचीला सहा तास थेट ऊन हवं. दोन तास मिळत असेल तर रोप उंच, बारीक, पांढुरकं होतं आणि खतानं ते आणखी लांबतं. तिथे अळू, पुदिना, मनीप्लांट लावा. ऊन भरपूर असेल तर कुंडी उपडी करून मुळं पाहा. तपकिरी, मऊ असतील तर निचरा सुधारा. घट्ट वेटोळी असतील तर कुंडी मोठी करा.

आम्ही लंडनला राहतो. खिडकीत कढीपत्त्याचं रोप आहे. हेच नियम?

तिकडे पिशवीत मिळणाऱ्या बहुतेक तयार मिश्रणांत खत आधीच घातलेलं असतं आणि ते महिना-दीड महिना पुरतं. पिशवीवर वाचून घ्या. त्यानंतर एप्रिल ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी हलकं द्या. ऑक्टोबरपासून दिवस लहान होतात, कढीपत्ता झोपी जातो, पानंही गाळतो. त्या काळात खत पूर्ण बंद ठेवा आणि पाणी बेताचं. मार्चअखेरीस खोडावर हिरवा ठिपका दिसला, तो फुटून पान उघडलं, की पाव मात्रेनं पुन्हा सुरू करा.